मळसूत्राचं घराणं

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला मोटारसायकल चहासाठी थांबते. हेल्मेट वर ओढताना गॉगलची उजवी काडी त्याच्याबरोबर निघून येते. उरलेला गॉगल क्षणभर नाकावर तोल सांभाळतो आणि मग टेबलावर पडतो. काचा शाबूत, फ्रेम शाबूत, काडीही शाबूत असते. गेलेला असतो तो फक्त एक स्क्रू. मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखाली, बाकाखाली, जॅकेटच्या घडीत शोध होतो. चहावाल्याचा पोरगाही हौसेनं दोन मिनिटं वाकून बघतो. स्क्रू मात्र बहुतेक मागेच, पेण आणि माणगावमधल्या एखाद्या खड्ड्यापाशी, उतरून गेलेला असतो.

पुण्या-मुंबईत स्क्रूची वानवा नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात ते किलोनं मिळतात. पण गॉगलची काडी पुढे केली की तिथला अनुभवी दुकानदारही मान हलवतो. त्याच्या दुकानातलं सगळ्यात बारीक पोर या कामासाठी धिप्पाड ठरतं. चष्म्याच्या स्क्रूचा व्यास साधारण १ ते १.६ मिलिमीटर असतो आणि लांबी पुष्कळदा ३ ते ५ मिलिमीटर. पोलादी स्क्रू १.४ मिलिमीटर जाड आणि ४ मिलिमीटर लांब धरला, तर त्याचं वजन डोक्यासकट पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास येतं. सोनाराची एक गुंज म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गुंज टाकली तर दुसऱ्यात असले दोन स्क्रू सहज मावतील आणि वर थोडी जागा उरेल.

सोनाराचा उल्लेख इथे उगाच आलेला नाही. मराठी घरांतल्या बायकांना हे दुखणं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कुडीची फिरकी न्हाणीघरात पडून मोरीतून गेली, की घरात दुसऱ्या कुड्या असल्या तरी त्यांची फिरकी या मळसूत्रावर चढत नाही. चढलीच तर अर्ध्यावर अडते, किंवा नुसती गरगर फिरते. कारण त्या मळसूत्राचे आटे ज्या सोनारानं पाडले, त्यानं ते आपल्या हत्यारानं, आपल्या अंदाजानं पाडलेले असतात. घरातल्या मोठ्या बाईचा सल्लाही ठरलेला असतो: ज्याच्याकडून घडवल्या, त्याच्याकडेच जा. गॉगलच्या स्क्रूचं कोडं नेमकं हेच आहे. फरक इतकाच, की गॉगल घडवणारा सोनार इटलीत, जपानमध्ये किंवा चीनमध्ये बसलेला असतो आणि त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं.

चष्म्याला हा स्क्रू जन्मापासून नव्हता. इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी पहिले चष्मे झाले, तेव्हा त्यांना काड्याच नव्हत्या. दोन भिंगं दोन दांड्यांत बसवायची आणि दांड्यांची टोकं एका रिव्हेटनं जोडायची, एवढाच तो मामला. ही जोडी कात्रीसारखी उघडून नाकावर चिमटायची किंवा हातात धरायची. इटलीतल्या त्रेव्हिजो गावी तोम्मासो दा मोदेना या चित्रकारानं १३५२ मध्ये रंगवलेल्या भित्तिचित्रांत एक धर्मगुरू असाच रिव्हेटचा चष्मा लावून लिहीत बसला आहे. कानावर टेकणाऱ्या काड्या यायला त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षं जावी लागली. लंडनचा चष्मेवाला एडवर्ड स्कार्लेट याचं नाव त्यासाठी घेतलं जातं. काळ १७३० च्या आगेमागे. १७५२ मध्ये जेम्स आयस्कॉफनं काडीला दोन ठिकाणी दुमडणारी बिजागरी बसवून तिची जाहिरात केली. निळ्या-हिरव्या काचांचाही तो पुरस्कर्ता होता. त्या काचा उन्हासाठी नव्हत्या, दृष्टीच्या तक्रारींसाठी होत्या, तरी गॉगलच्या वंशावळीत त्याचं नाव घालायला हरकत नाही.

काडी आली की बिजागरी आली, आणि बिजागरीला आस लागते. रिव्हेट ठोकला तर तो कायमचा, आणि काडी वाकली किंवा मोडली तर सगळंच टाकून द्यायचं. स्क्रू असला तर काडी बदलता येते. दुरुस्तीची सोय म्हणून आलेल्या वस्तूनंच दुरुस्तीची सगळ्यात जास्त वेळ आणावी, हा चष्म्याच्या इतिहासातला एक गमतीचा भाग आहे.

गॉगलची बिजागरी उघडून पाहण्यासारखी असते. सगळ्यात साध्या प्रकारात तीन बारीक नळ्या एकावर एक बसतात: वरची आणि खालची फ्रेमची, मधली काडीची. वरच्या नळीचं भोक गुळगुळीत असतं आणि त्याच्या तोंडाशी स्क्रूचं डोकं टेकायला खळगा असतो. मधलं भोकही गुळगुळीत. आटे असतात ते फक्त तळाच्या नळीत. म्हणजे सगळा गॉगल पेलायला एक-दीड मिलिमीटर उंचीचे आटे, जेमतेम चार-पाच वेढे. काडी उघडली, मिटली, की मधली नळी स्क्रूला आपल्याबरोबर किंचित ओढते. ही ओढ दोन्ही दिशांना असते. पण घट्ट होण्याच्या दिशेला स्क्रूचं डोकं खळग्यात अडतं आणि सुटण्याच्या दिशेला अडवणारं कुणी नसतं. दर वेळी केसभर, अशी ती पळवाट हळूहळू तयार होते.

यामागचं यांत्रिक कारण फार उशिरा नीट कळलं. बोल्ट सैल होतात ते त्यांना लांबीच्या दिशेनं हिसके बसल्यामुळे, असा इंजिनिअरांचा समज होता. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की खरा शत्रू आडवी हालचाल आहे. जोडलेले दोन तुकडे एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं हरतं आणि बोल्ट आपसूक उलटा फिरू लागतो. बोल्टची परीक्षा घेणारं त्याच्या पद्धतीचं यंत्र आजही वापरतात. मोटारीच्या चाकाला जे लागू, तेच गॉगलच्या काडीला. एका हातानं गॉगल ओढून काढायची सवय असली, की बिजागरीला दर वेळी तोच आडवा पीळ बसतो. गॉगल डोक्यावर चढवून ठेवणं हाही त्याच जातीचा अपराध. शिवाय नंबरचा चष्मा सकाळी लागतो आणि रात्री उतरतो. गॉगल दुकानात शिरताना उतरतो, बाहेर पडताना लागतो, सावलीत मिटतो, सेल्फीसाठी पुन्हा उघडतो. घाम, समुद्राची खारी हवा आणि गाडीच्या डॅशबोर्डवरची उन्हाची भट्टी हे वर आणखी.

चष्म्याच्या फ्रेमसाठी आयएसओ १२८७० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या टिकाऊपणाच्या चाचणीत यंत्र काडी ५०० वेळा हलवून पाहतं. आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण दिवसातून पाच वेळा गॉगल काढला-लावला, तर ५०० हा हिशोब शंभर दिवसांत संपतो, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला घेतलेला गॉगल जूनचा पाऊस येईपर्यंत तिथे पोचलेला असतो. चाचणी संपली म्हणजे स्क्रू पडलाच असं नाही, पण विकत घेतल्यानंतर एकदाही डिसमिस न लावलेला गॉगल पावसाळ्यानंतर डळमळला, तर आश्चर्य वाटायला नको.

आता मूळ प्रश्न. स्क्रू गेला, दुसरा आणायचा; पण कुठल्या मापाचा?

स्क्रूची ओळख तीन गोष्टींवर पटते: व्यास, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे कारागिरांच्या भाषेतलं पिच, आणि आट्याच्या उताराचा कोन. या तिन्हींबाबत जग एकोणिसाव्या शतकापर्यंत सोनारांच्या आळीसारखंच होतं. प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि त्याची चाकी त्याच्यापुरती. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांचा मध्य काढून १८४१ मध्ये एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांची दुसरी पद्धत सुचवली, कारण ६० अंशांचा कोन साध्या कारागिरालाही तपासता येतो. पण हे दोघंही आगगाड्यांच्या आणि वाफेच्या इंजिनांच्या जगातले होते. घड्याळातल्या स्क्रूकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

ते लक्ष दिलं जिनिव्हाच्या मार्क थ्युरी या प्राध्यापकानं. स्वित्झर्लंडच्या घड्याळउद्योगात तेव्हा प्रत्येक कारागीर आपापले स्क्रू पाडत असे. त्यांतले जे उत्तम चालतात असे स्क्रू थ्युरीनं मोजले आणि त्यांच्यात लपलेला नियम शोधला. १८७८ मध्ये त्यानं घड्याळाच्या स्क्रूंच्या पद्धतीवर पुस्तिका काढली. त्याची युक्ती देखणी आहे. शून्य नंबरच्या स्क्रूचं पिच बरोबर १ मिलिमीटर. पुढचा प्रत्येक नंबर मागच्याच्या नऊ दशांश. म्हणजे एक नंबरचं पिच ०.९, दोनचं ०.८१, आणि असं उतरत उतरत बारा नंबरला ०.२८. व्यासासाठीही त्यानं एक सूत्र दिलं, ज्यानुसार शून्य नंबरचा स्क्रू ६ मिलिमीटर जाडीचा येतो आणि बारा नंबरचा सुमारे १.३ मिलिमीटरचा. कोन मात्र चमत्कारिक, ४७.५ अंश. तो कुणी कागदावर ठरवलेला नव्हता. कारागिरांच्या हातातून आलेला होता.

ब्रिटनमधल्या ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेनं थोड्या फेरफारानं हीच पद्धत १८८४ मध्ये उचलली आणि तिला बीए हे नाव मिळालं. इंचात विचार करणाऱ्या ब्रिटननं शास्त्रीय उपकरणांसाठी मिलिमीटरमध्ये बेतलेला स्विस स्क्रू घ्यावा, ही तशी नवलाचीच गोष्ट. ब्रिटिश बनावटीचा जुना रेडिओ किंवा मीटर उघडला, तर आत बीए मापाचे स्क्रू सापडतात. जुन्या ब्रिटिश उपकरणांचा डबा पालथा करून त्यातून चष्म्यासाठी स्क्रू निवडणाऱ्याला इथेच ठेच लागते. बीएचा तेरा नंबर आणि मेट्रिकचा १.२ यांचा व्यास एकच आणि पिचही एकच, ०.२५ मिलिमीटर. पण कोन वेगळा: एकाचा ४७.५, दुसऱ्याचा ६०. डोळ्यांना दोघं जुळे भाऊ दिसतात, एकाच्या भोकात दुसरा थोडा फिरतोही, पण घराणी वेगळी.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था उभी राहिली. तिच्या तांत्रिक समित्यांमध्ये पहिला क्रमांक आहे स्क्रूच्या आट्यांच्या समितीचा. मेट्रिक पद्धतीत ६० अंशांचा कोन आला आणि १ मिलिमीटरपासून वरचे व्यास एका यादीत बसले. त्याखालच्या पिटुकल्यांसाठी, घड्याळं आणि सूक्ष्म उपकरणं डोळ्यांसमोर ठेवून, ०.३ ते १.४ मिलिमीटरचं वेगळं मानक झालं. चष्म्याचा स्क्रू नेमका या दोन याद्यांच्या शिवेवर येतो. चष्म्याच्या आट्यांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक निघायला १९९० चं दशक उजाडलं. तोवर चष्मा होऊन सातशे वर्षं झाली होती.

आणि चष्म्याचीही आपली घराणी होतीच. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या मोरेझ गावी पिएर-इयासँत काझो हा खिळे करणारा लोहार होता. १७९६ च्या सुमारास त्यानं तारेच्या फ्रेमचे चष्मे करायला घेतले आणि पुढे गावच चष्म्याचं झालं. इटलीच्या कादोरे खोऱ्यात १८७८ पासून फ्रेमा होऊ लागल्या. जपानच्या फुकुई भागात मासुनागा गोझाएमोन यानं १९०५ मध्ये हा धंदा आणला. हिवाळ्यात बर्फानं शेती बंद पडे, तेव्हा शेतकऱ्यांच्या हाताला काम हवं होतं. तिथल्या साबाए शहरानं पुढे टायटॅनियमच्या फ्रेमांत नाव काढलं. गॉगल घेताना माणूस काचेचा रंग पाहतो, नाव पाहतो, आरशात तीनदा तोंड पाहतो. बिजागरीत १.२ आहे की १.४, हे विचारल्याचं कुठल्याही दुकानदाराच्या ऐकिवात नसेल.

इतक्या बारीक वस्तूचे आटे पाडायचे कसे, हाही एक प्रश्नच होता. साध्या लेथवर तारेएवढी सळई धरून तिला हत्यार टेकवलं, तर ती कापली जाण्याऐवजी वाकते. स्वित्झर्लंडमध्ये १८७० च्या दशकात याकोब श्वाइट्झर यानं लेथची रचनाच उलटी केली. हत्यार लांबीच्या दिशेनं सरकवण्याऐवजी सळईच पुढे सरकवायची, आणि तीही अशा बुशमधून, की जिथे हत्यार टेकतं तिथेच तिला आधार मिळेल. सळई कितीही लांब असली, तरी कापताना बाहेर केसभरच असते, मग वाकणार कशी? या जातीच्या लेथना जगभर आजही ‘स्विस’ म्हणतात. मोठ्या संख्येनं लागणारे स्क्रू मात्र कापत नाहीत. तारेच्या तुकड्याला ठोकून डोकं काढतात आणि दोन दातेरी साच्यांमध्ये दाबून फिरवत आटे उमटवतात. त्यात धातूचा कीस निघत नाही आणि आटाही जास्त दमदार होतो.

स्क्रू डोळ्यांनी जुळवण्यात काय धोका असतो, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण चष्म्याचं नाही, विमानाचं आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर वैमानिकासमोरची काच उडून गेली. कप्तान निम्मा खिडकीबाहेर खेचला गेला आणि कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले. सहवैमानिकानं विमान साउदम्प्टनला उतरवलं. कप्तान वाचला, हे नवलच. चौकशीत कळलं, की उड्डाणापूर्वीच्या एका रात्रपाळीत ती काच बदलली होती. जुने बोल्ट काढून, त्यांच्याशेजारी नवे धरून, अपुऱ्या उजेडात नजरेनं माप जुळवलं गेलं होतं. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ एका नंबरनं बारीक होते. फरक ०.०२६ इंच, म्हणजे दोन तृतीयांश मिलिमीटर. आणि खरी फसगत पुढे आहे: दोन्ही बोल्टांचं पिच एकच होतं, इंचाला ३२ आटे. म्हणून बारीक बोल्ट जागेवर फिरला, बसलाही. उरलेले सहा बोल्ट योग्य जाडीचे, पण आखूड होते.

गॉगलच्या बिजागरीत कुणाचा जीव अडकलेला नसतो, हे खरं. पण हिशोब तोच आहे. १.४ च्या स्क्रूचा आटा एका बाजूनं जेमतेम ०.१६ मिलिमीटर खोल असतो. त्या जागी १.३ चा बसवला, तर प्रत्येक बाजूला ०.०५ मिलिमीटर उणं पडतं, म्हणजे पकडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. दुकानात तो घट्ट वाटतो, पण सिग्नलला थांबून गॉगल पुसताना पुन्हा काडी हातात येते. उलट, १.२ च्या भोकात १.४ चा स्क्रू जोर लावून घातला, तर तो सुरुवातीला कुरकुरत जातो आणि भोकातले आटे कायमचे खरवडून टाकतो. बिजागरीचे आटे गेले, की स्क्रू कितीही बरोबर आणला तरी उपयोग नाही.

म्हणून नवा स्क्रू शोधायला बाहेर पडण्याआधी पाहायची ती दुसरी काडी. हरवलेल्या स्क्रूचा जुळा तिथेच बसलेला असतो. तो काढायचाही प्रश्न नाही; गॉगल तसाच सोबत नेला की झालं. घरी व्हर्नियर कॅलिपर असेल, तर तो स्क्रू काढून व्यास, लांबी आणि डोक्याची रुंदी मोजता येते. काढताना मात्र परातीत पांढरा पंचा पसरून त्यावर काम करावं, नाहीतर घरात एकाचे दोन हरवलेले स्क्रू होतात. जमिनीवर पडलेला स्क्रू वरून बघून सापडत नाही. दिवे घालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवा मारला, की पन्नास मिलिग्रॅमच्या स्क्रूची सावली बोटभर लांब पडते आणि तीच त्याची चुगली करते. लोहचुंबकावर विसंबू नये. बऱ्याच चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक धरत नाही.

मग जायचं कुठे? पहिलं ठिकाण अर्थातच चष्म्याचं दुकान. काउंटरखालच्या खणात प्लॅस्टिकचे खाने असलेली डबी असते, आणि प्रत्येक खान्यात वेगवेगळ्या फ्रेमांतून काढलेले, उरलेले, पुड्यांतून आलेले स्क्रू. वर्षानुवर्षं या डबीत हात घालणारा माणूस मापाचं यंत्र वापरत नाही. चिमट्यानं एक उचलतो, बिजागरीत दोन फेरे देतो, काढतो, दुसरा घेतो. विमानाच्या गोष्टीनंतर ही पद्धत ऐकून धडकी भरेल. पण त्याच्या बोटाला जे कळतं ते खोटं नसतं. आटा आट्यात बसताना जो किंचित चिकट विरोध लागतो, तो चुकीच्या स्क्रूला लागत नाही.

घड्याळजी हा दुसरा आसरा, आणि त्याच्याकडे डोळ्याला लावायचं भिंगही असतं. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरही १.२ आणि १.४ चे स्क्रू ढिगानं पडलेले असतात, पण ते बहुधा आखूड आणि रुंद डोक्याचे. बिजागरीच्या खळग्यात त्यांचं डोकं बसत नाही. बाजारात डिसमिस, चिमटा आणि शेकडो मिश्र स्क्रू असलेल्या डब्या स्वस्तात मिळतात. त्यांतल्या स्क्रूंवर माप लिहिलेलं नसतं, म्हणून डबी घेताना आत व्यासांची यादी आहे का, हे पाहिलेलं बरं. स्प्रिंगच्या बिजागरीसाठी लांब शेपटीचे स्क्रू निघाले आहेत. अमेरिकेतल्या नॅन्सी टेडेस्की यांनी असा स्क्रू बाजारात आणला. स्प्रिंग काडीला आत ओढून धरते, त्यामुळे तिन्ही भोकं एका रेषेत येत नाहीत. लांब शेपटी दोऱ्यासारखी सगळ्या भोकांतून ओवायची, ओढून स्क्रू फिरवायचा, आणि बसला की शेपटी मोडून टाकायची. शेपटीचा स्क्रू नसेल, तर तेच काम दाभणाचं टोक करतं: आधी दाभण घालून भोकं सरळ करायची, मग दाभण काढता काढता स्क्रू सारायचा.

बसवतानाची एक जुनी खूण आहे. स्क्रू भोकात टेकवून आधी उलटा फिरवायचा, अलगद, जोर न लावता. आट्याचं तोंड आट्याला सापडलं, की बोटाला बारीकशी टक्‌ जाणवते. मग सुलटा फिरवायचा. तिरका चढलेला स्क्रू पहिल्याच वेढ्यात भोक बिघडवतो, आणि ही टक्‌ त्याचाच बंदोबस्त आहे. डिसमिसचं टोक खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं. अरुंद टोक खाचेच्या कडा खाऊन टाकतं आणि मग तो स्क्रू काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

स्क्रू बसला तरी पुन्हा सुटू नये म्हणून काय करायचं? घराघरांतलं उत्तर नेलपॉलिशचा एक थेंब, आणि तात्पुरतं ते वाईट नाही. कारखान्यांतलं उत्तर व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये १९५३ मध्ये शोधलं. त्याला पुढे लॉकटाइट हे नाव मिळालं. हे द्रव हवेतल्या ऑक्सिजनमुळे पातळ राहतं. धातूच्या दोन आट्यांमधल्या फटीत हवा तुटली, की घट्ट होतं. म्हणूनच त्याची बाटली काठोकाठ भरलेली नसते. वर हवा राहिली नाही, तर माल बाटलीतच गोठेल. बारीक स्क्रूंसाठी त्याचा जांभळा, कमी ताकदीचा प्रकार असतो, जो नंतर साध्या डिसमिसनं सुटतो. फक्त तो प्लॅस्टिकच्या फ्रेमेवर सांडू द्यायचा नाही, कारण काही प्लॅस्टिकना त्यानं चिरा पडतात.

घाईत हात जातो तो मात्र झटपट चिकटणाऱ्या गोंदाकडे. त्या गोंदाचा जन्मही एका अर्थानं काचेशी निगडित आहे. कोडॅकमधला रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हाती आलेलं रसायन जिथे लागेल तिथे चिकटून बसे, म्हणून त्यानं ते बाजूला टाकलं. १९५८ मध्ये तेच गोंद म्हणून विकायला आलं. बिजागरीत हा गोंद घातला, तर काडी उघड्या स्थितीत कायमची ताठ होते. त्यातून निघणारी वाफ जवळच्या काचेवर पांढरट धुकं सोडते, ते वेगळंच. तारेचा तुकडा, स्टेपलरची पिन, टाचणी हे उपाय काडी जागेवर धरतात, पण त्यांचं टोक डोळ्यापासून चार बोटांवर असतं. घरी पोचेपर्यंत ठीक. त्यापेक्षा आजोबांच्या चष्म्याला काडीऐवजी बांधलेला दोरा परवडला.

काही फ्रेमकारांनी स्क्रूवरच फुली मारली आहे. डेन्मार्कच्या लिंडबर्गनं १९८० च्या दशकात टायटॅनियमच्या तारेला वळवून बिजागरी केली, ऑस्ट्रियाच्या सिल्हुएटच्या टायटन मिनिमल आर्ट फ्रेमेतही स्क्रू नाही, आणि बर्लिनमध्ये पत्र्यातून कापलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या काड्या निघाल्या. त्या वजनाला हलक्या, पण किमतीनं मुळीच नाही, आणि बिघडल्या तर नाक्यावरच्या चष्मेवाल्याच्या डबीत त्यांच्यासाठी काहीच नसतं.

माणगावचा गॉगल दोन दिवसांनी कुठल्यातरी अशाच नाक्यावरच्या दुकानात पोचतो. काडी पिशवीच्या तळातून बाहेर निघते. दुकानदार आधी डाव्या काडीचा स्क्रू बघतो, मग डबी उघडतो. पहिला स्क्रू दोन फेऱ्यांत सैल पडतो, दुसरा चढतच नाही, तिसरा जातो. काडी दोनदा उघडमिट होते. गिऱ्हाईक पाकिटाला हात घालतं, तेवढ्यात दुकानदार गॉगल उलटा करतो आणि न विचारताच डाव्या काडीवर डिसमिस टेकवतो. तिथला जुळा स्क्रूही दीड वेढा वर आलेला असतो.